सही दुसऱ्याची, शब्द आपले

प्लेसमेंट सेलच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी त्यात एकच वाक्य उतरवलंय, अगदी स्वल्पविरामासकट. इतक्या तरुणांचं ध्येय इतकं एक कसं, याचा सरांना आनंद झाला की संशय आला, कोण जाणे. ते वाक्य दोन वर्षांपूर्वी मी एका सीनियरला लिहून दिलं होतं. मोबदला : दोन वडापाव, एक कटिंग. पुढे ते वाक्य होस्टेलभर पसरलं आणि माझ्या वाट्याला एकही वडापाव आला नाही. लेखनाच्या धंद्यात रॉयल्टी का महत्त्वाची, हे मला त्या वेळी कळलं.

तर, दुसऱ्यांसाठी लिहिणं हा माझा जुना उद्योग. जी.एस.चं भाषण, गॅदरिंगचं निवेदन, फिशपॉण्ड, दांडी मारलेल्या प्रॅक्टिकलचा विनंती अर्ज, आणि एकदा तर एका मित्राच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीचं मानपत्र. हे सगळं ठाऊक असलेल्या एका सीनियरने लंडनच्या ऑनसाइटवरून परत आल्यावर एक जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “घे, तुझ्या जातीचा माणूस आहे.” मुखपृष्ठावर नाव होतं माल्कम हार्डी. त्याच्यासोबत आणखी एक नाव होतं, जॉन फ्लेमिंग. सीनियरचा इशारा त्या दुसऱ्या नावाकडे होता.

या फ्लेमिंगसाहेबांचा फॉर्म भरायचा झाला तर रकाना पुरणार नाही. ब्रिटिश टीव्हीवर संशोधक म्हणून नोकरी. म्हणजे लॅबमधलं संशोधन नव्हे. ‘टिझवॉझ’ हा शनिवार सकाळचा मुलांचा धुमाकूळ किंवा ‘गेम फॉर अ लाफ’सारखा कार्यक्रम असेल, तर त्यासाठी माणसं शोधून आणायची. कुणाला काही विचित्र करता येतं का, कॅमेऱ्यासमोर ते जमेल का, त्याला स्टुडिओपर्यंत आणायचं कसं, हे बघायचं. त्याशिवाय पुढच्या कार्यक्रमांच्या दोन कार्यक्रमांमध्ये लागणाऱ्या छोट्या जाहिराती लिहिणं. मग पुस्तकं, स्वतःच्या नावाची कमी आणि दुसऱ्याच्या नावाची जास्त. मग कॉमेडियन लोकांचं कौतुक गावभर करत फिरणं. आपल्याकडे अशा माणसाला घरचे विचारतात, “पण तू नक्की करतोस काय?”

त्याचं उत्तर द्यायचं तर आधी माल्कम हार्डीबद्दल सांगायला हवं. हा गडी जन्मला 1950 मध्ये, दक्षिण-पूर्व लंडनमध्ये. तरुणपणी चोऱ्यामाऱ्या, तुरुंगाच्या वाऱ्या. बाहेर आल्यावर त्याने लोकांना हसवायचं ठरवलं. ‘द ग्रेटेस्ट शो ऑन लेग्ज’ नावाच्या टोळीत तो होता. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे फुग्यांचा नाच. अंगावर फुग्यांशिवाय काही नाही, आणि फुगे सतत इकडून तिकडे. 1982 मध्ये हा नाच टीव्हीवर दिसला. तो कार्यक्रम क्रिस टॅरंटचा. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी : पुढे ब्रिटनमध्ये ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलिअनेअर’ चालवणारा तोच, म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’च्या मूळ अवताराचा बच्चन. फुग्यांपासून करोडपर्यंतचा हा प्रवास कुठल्याच करिअर गायडन्सच्या व्याख्यानात सांगत नाहीत.

1984 मध्ये हार्डीने लंडनच्या ब्लॅकवॉल बोगद्याच्या दक्षिण तोंडाजवळ एका पबमध्ये कॉमेडी क्लब काढला. नाव ‘द टनेल’. तिथला प्रेक्षक हा प्रेक्षक नव्हताच, परीक्षक होता, तोही एक्स्टर्नल. नवा विनोदवीर उभा राहिला की त्याला दोन मिनिटं मिळायची, कधी तीही नाही. शेरे, आरडाओरडा, आणि काही रात्री तर चक्क काचेचे ग्लास. पण जो तिथे टिकला तो कुठेही टिकला, असं म्हणायचे. जो ब्रँड, हॅरी एनफिल्ड ही पुढे ब्रिटनभर गाजलेली मंडळी हार्डीच्या आसपासच वाढली. 1991 मध्ये त्याने ग्रिनिचला दुसरा क्लब काढला, ‘अप द क्रीक’.

पुस्तकाचं नाव आहे ‘आय स्टोल फ्रेडी मर्क्युरीज बर्थडे केक’. नावातच कबुलीजबाब. 1986 मध्ये क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा केक हार्डीने खरोखर पळवला, आणि शेवटी तो वृद्धाश्रमात देऊन टाकला. हे वाचताना मला गंमत वाटली, कारण हा फ्रेडी म्हणजे आपला फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. तिथेच त्याचा पहिला बँड झाला. महाबळेश्वरला ट्रिप काढून स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन परतणाऱ्या आमच्या बॅचला पाचगणीत हे कुणी सांगितलं नाही. आम्ही टेबललँडवर घोड्यासोबत फोटो काढले आणि आलो. असो.

हार्डीचा खरा आखाडा म्हणजे एडिंबराचा फ्रिंज महोत्सव. या महोत्सवाचा जन्मच मला फार आवडतो. 1947 मध्ये एडिंबरात मोठा, सरकारमान्य कला महोत्सव सुरू झाला. तिथे आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना जाऊन धडकल्या आणि कडेकडेने, मिळेल त्या जागेत प्रयोग करून आल्या. काठावरचे म्हणून ‘फ्रिंज’. आता दर ऑगस्टमध्ये ही कडच मूळ कापडापेक्षा मोठी होते. कुणीही जावं, जागा भाड्याने घ्यावी, प्रयोग करावा. कलाकाराला बहुतेक वेळा यात खिशातून घालावे लागतात. हजारो प्रयोगांच्या गर्दीत आपल्याकडे कुणी बघावं कसं, हाच तिथला सगळ्यात अवघड पेपर.

हार्डीने तो पेपर आपल्या पद्धतीने सोडवला. 1983 मध्ये शेजारच्या तंबूत एरिक बोगोसियन या अमेरिकन नटाचा प्रयोग चालायचा आणि त्याच्या आवाजाचा याला त्रास व्हायचा. हा अंगावर सूत नसताना ट्रॅक्टर चालवत थेट त्याच्या प्रयोगातून आरपार गेला. 1989 मध्ये तर त्याने आणि आर्थर स्मिथने हार्डीच्या प्रयोगाचं कौतुक करणारं परीक्षण स्वतःच लिहिलं, ‘द स्कॉट्समन’च्या समीक्षकाच्या नावावर वर्तमानपत्राकडे धाडलं, आणि ते छापून आलं! म्हणजे तोही एका अर्थी छुपा लेखकच. फक्त ज्याच्या नावाने लिहिलं त्याला विचारायचं राहून गेलं.

आता असा माणूस आत्मचरित्र लिहायला बसेल का? बसला तरी दुसऱ्या पानावर उठून पबमध्ये जाईल. इथे फ्लेमिंग येतो. 1996 मध्ये आलेल्या त्या पुस्तकात सगळीकडे ‘मी’ आहे, आणि तो ‘मी’ हार्डीचाच वाटतो : बेफिकीर, शिवराळ, मध्येच चटका लावणारा. तो ‘मी’ कागदावर टिकवायला दुसरा माणूस लागला आणि तो दुसरा माणूस पुस्तकभर कुठेही डोकावत नाही. मी दोनदा शोधलं. लपलेला माणूस इतका चांगला लपलाय की मला त्याचा हेवा वाटला.

आपल्या मराठीत या कामाला फार चांगला शब्द आहे, ‘शब्दांकन’. इंग्रजीत या लेखकाला भूत म्हणतात. आपल्याकडे निदान माणसात ठेवलंय. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे 1970 चं पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे (किंवा असायला हवं, मी परत केलंय). ते बाईंनी सांगितलं आणि अरुण साधूंनी लिहून काढलं. हेच साधू पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे. एवढी ताकदीची लेखणी, पण ‘सांगत्ये ऐका’मध्ये ती स्वतःचं एकही वाक्य मिरवत नाही. बाई बोलतात आणि आपण ऐकतो. त्यातूनच श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा 1977 चा सिनेमा आला. दादा कोंडक्यांचं ‘एकटा जीव’ही असंच, शब्दांकन अनिता पाध्ये यांचं. दादांच्या बोलण्यातला इरसालपणा लिहिताना सोवळा झाला असता तर पुस्तकात उरलं काय असतं?

खरं तर या जमातीचं आद्य दैवत गणपतीच. महाभारत सांगितलं व्यासांनी, लिहिलं गजाननाने. त्याने अट घातली की तुम्ही मध्ये थांबायचं नाही. ही अट सगळ्यांना माहीत असते. पण व्यासांनी उलटी अट घातली होती, ती लोक विसरतात : अर्थ कळल्याशिवाय तू एकही श्लोक लिहायचा नाहीस. म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे! सांगणाऱ्याची अट वेगाची नव्हती, समजुतीची होती.

ही उलटी अट मला होस्टेलच्या मेसमध्ये भेटली.

गेल्या दोन वर्षांत माझा धंदा बसला होता, हे आधी सांगायला हवं. अर्ज, भाषण, परदेशी विद्यापीठाला पाठवायचं निवेदन, सगळं आता पोरं मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतात. वडापावही द्यावा लागत नाही. भाषा एकदम इस्त्रीची. माझ्याकडे उरली ती फक्त फिशपॉण्ड, कारण कोण कुणाच्या मागे सायकल घेऊन फिरतो हे मशीनला अजून कळत नाही.

अशात एका रात्री मेसचे मामा खोलीवर आले. तेवीस वर्षं ते या मेसमध्ये आहेत. मेसचं कंत्राट बदलणार, नवा ठेकेदार आपली माणसं आणणार, अशी कुणकुण होती. मामांना प्राचार्यांना पत्र द्यायचं होतं. स्वतःसाठी, आणि भाजी चिरणाऱ्या दोन्ही मावशींसाठी. “तू लिव्हतोस म्हणं,” एवढंच म्हणाले.

माझ्या पार्टनरने उत्साहाने तिथल्या तिथे मोबाइलवर पत्र तयार करून दिलं. ‘आदरणीय महोदय, अत्यंत नम्रतापूर्वक विनंती करण्यात येते की...’ पासून सुरू होऊन ‘आपल्या सहानुभूतीपूर्वक विचाराच्या प्रतीक्षेत’ पर्यंत. पत्रात चूक एकही नव्हती. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “चांगलं हाय. कुणाचं हाय?”

मग आम्ही तीन रात्री बसलो, मेस बंद झाल्यावर, भटारखान्यातच. पहिल्या रात्री मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ओट्यावर ठेवला तर मामा एकदम आकाशवाणीच्या बातम्यांसारखे बोलू लागले. मोबाइल खिशात घातला, वही काढली. तरी समोरासमोर बसून काही येईना. शेवटी ते दुसऱ्या दिवसाची डाळ निवडायला बसले आणि बोलणं आपोआप सुरू झालं. हात कामात असले की माणूस खरं बोलतो, असं माझं तेव्हापासून मत झालंय. वायव्हा घेणाऱ्यांनी विचार करावा.

त्यांनी सांगितलेले आकडे मी जसेच्या तसे घेतले. पोरं दोनशे ऐंशी. सरासरी पाच चपात्या धरल्या तर एका वेळेला चौदाशे. एक किलो कणकेच्या तीसेक होतात, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस किलो. हे गणित मामा बोटांवर करतात. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं असतं. लॉकडाऊनमध्ये 2020 साली होस्टेल रिकामं झालं. गावी जायला न मिळालेली काही पोरं अडकली, तेव्हा मामाही थांबले आणि दोन वेळचं रांधत राहिले. परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांसाठी ते पातेलंभर चहा झाकून ठेवतात, हे तर आपण सगळेच जाणतो. जाणतो, पण प्राचार्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

मामांच्या अटी तीन होत्या. ‘गरीब’ हा शब्द नको. ‘उपकार’ नको. आणि “पोरं मला लेकरासारखी हायत असलं काय लिव्हू नगंस. लेकरं घरी हायत माझी दोन. ही पोरं हायत. पोरांला जेवाय घालायचं माझं काम हाय, ते मी नीट केलंय, एवढं लिव्ह.” मला आतून फार वाटत होतं की लेकरांचं ते वाक्य असावं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण सही त्यांची होती. प्रत्येक परिच्छेद मी वाचून दाखवायचो आणि ते मान हलवायचे किंवा डाळीतला खडा बाजूला टाकावा तसा एखादा शब्द काढून टाकायचे. ‘कार्यरत’ गेला. ‘अविरत’ गेला. ‘सेवा’ गेली, तिच्या जागी ‘काम’ आलं. शेवटी पत्र एका पानाचं झालं आणि मोठ्याने वाचलं तर मामाच बोलतायत असं वाटलं.

यात हार्डीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मला आहे असं वाटतं. एक माणूस फुगे लावून नाचणारा, एक चौदाशे चपात्यांचा. दोघांकडे सांगण्यासारखं भरपूर, दोघांनाही कागदासमोर बसायची सवय नाही. ज्याला सवय आहे त्याने आपली हौस बाजूला ठेवून बसायचं. फ्लेमिंगच्या बाकीच्या धंद्यांचं सूत्रही हेच दिसतं. टीव्हीसाठी विचित्र माणसं शोधली, पुस्तकासाठी एकाचं बोलणं पकडलं, 2003 मध्ये हार्डीसोबत ‘सिट-डाउन कॉमेडी’ हा विनोदवीरांनी लिहिलेल्या गोष्टींचा संग्रह केला. तीन रकान्यांत लिहिलं तरी काम एकच : हा बघा, याच्याकडे बघा.

हे दुसरं काम, म्हणजे ‘याच्याकडे बघा’ म्हणत फिरणं, मी होस्टेलच्या विनोदाच्या रात्री करून पाहिलंय. मेसच्या हॉलमध्ये टेबलं एकावर एक चढवून रंगमंच. प्रेक्षक अस्सल ‘टनेल’चे. ग्लास फेकत नाहीत, कारण ते स्टीलचे आहेत आणि मामा मोजून घेतात, पण ताटं वाजवतात. अशा रात्रीच्या आयोजकाला विनोद करता आला नाही तरी चालतो, क्रम लावता यायला हवा. पहिला नंबर जाड कातडीच्या माणसाला द्यायचा, तो शिव्या खातो आणि हॉल तापवतो. दुसरा हुकमी. नवखं पोर तिसरं. तोवर हुल्लडबाजांचा घसा बसलेला असतो आणि घरी फोन करायला बाहेर गेलेले परत आलेले नसतात. पंखे बंद ठेवायचे, नाहीतर माइकमध्ये नुसती घरघर. खुर्च्या मुद्दाम कमी मांडायच्या; दाटीवाटीत हसू लवकर पसरतं, रिकाम्या खुर्च्या कधी हसत नाहीत.

यंदा तिसऱ्या नंबरवर फर्स्ट इयरचं एक पोरगं होतं, गडचिरोलीकडचं. वर्षभर त्याच्या बोलीची नक्कल करून सगळे हसायचे. ते उभं राहिलं आणि आपल्याच बोलीत, वडिलांनी पहिल्यांदा एटीएम मशीनशी कसा संवाद साधला ते सांगू लागलं. पहिला अर्धा मिनिट ताटं वाजली. मग थांबली. मग हसू आलं, ते बोलीवर नव्हतं, गोष्टीवर होतं. हा फरक आवाजावरून कळतो. मी साउंडच्या बटणापाशी उभा होतो आणि माझे हात घामाने ओले झाले होते. स्वतःच्या नंबरला एवढे कधी झाले नाहीत.

हार्डी 31 जानेवारी 2005 ला गेला. लंडनच्या ग्रीनलँड डॉकमध्ये त्याचं तरंगतं घर होतं. रात्री आपल्या तरंगत्या पबमधून छोट्या होडीने घरी जाताना पाण्यात पडला आणि बुडाला. वय 55. पुस्तक आधीच आलेलं, मानधन मिळून गेलेलं, ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूसच उरला नाही. इथे फ्लेमिंगचं काम हिशेबाने संपायला हवं होतं. पण त्याने हार्डीच्या नावाने एडिंबरात पारितोषिकं सुरू केली आणि ती 2017 पर्यंत चालवली. एक अस्सल वेगळेपणासाठी. एक प्रसिद्धीसाठी केलेल्या सगळ्यात बेरकी उचापतीसाठी. त्या खोट्या परीक्षणाची आठवण म्हणूनच. आणि एक, पुढे दहा लाख पौंड कमावण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या कलाकारासाठी. हे शेवटचं आपल्या प्लेसमेंट सेलने उचलायला हरकत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना स्टेजवर चढवलं, त्याच्या नावाने आणखी काही जण चढावेत, एवढीच या खटाटोपाची व्यवस्था. त्यात लेखन फारसं नाही. चषक, हॉल, परीक्षक, आणि दर ऑगस्टला तीच धावपळ. मला ते आत्मचरित्राचंच पुढचं प्रकरण वाटतं, बिनशाईचं.

मामांचं पत्र तिसऱ्या रात्री पूर्ण झालं. त्यांनी चष्मा लावून सावकाश सही केली, एकेक अक्षर सुटं. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “आता तुझं लिव्ह खाली.”

मी म्हटलं, “माझं कशाला मामा? पत्र तुमचं आहे.”

“माझंच हाय. पण लिव्हलंय कुणी? आमच्या आज्याच्या जमिनीच्या कागदावर खाली लिव्हणाऱ्याचं नाव हाय. दस्तुर अमका अमका. त्याबिगर कागद पुरा होत न्हाई.”

म्हणून प्राचार्यांच्या कार्यालयात सध्या जे पत्र आवक नोंदवहीत चढलेलं आहे, त्याच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘दस्तुर’ असं लिहून पुढे माझं नाव आणि खोली नंबर आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मामा रोज दुपारी भात परतून झाला की विचारतात, आणि मी रोज ऑफिसात जाऊन येतो.